दृष्टीचं फळ

सोनुबाईच्या कोकोच्या झाडांना दशरथने दसऱ्यापर्यंतची मुदत दिली, ती काही भांडून दिली नाही. भांडून दिली असती तर बरं झालं असतं. भांडणात सोनुबाईला हरवेल असं माणूस पेज नदीच्या दोन्ही काठांवर अजून जन्मायचं होतं. पण दशरथ पडला हुशार. अक्षय्य तृतीयेला जेवायला बोलावलं म्हणून आला, दोन वाट्या आमरस संपवला, तिसरी मागून घेतली, आणि हात धुता धुता गोड आवाजात म्हणाला,

"वैनी, दोन पावसाळे बगितले. फळं धरतात, काळी पडतात, कुजतात. आता हा तिसरा. दसऱ्याला झाडांवर चांगली फळं दिसली तर माझं काय म्हणणं नाय. नाय दिसली तर दुसऱ्या दिवशी झाडं तोडू. ऋषिकेशला तिथं तंबू टाकायचेत."

आता ज्याच्या पोटात आपला आमरस गेलाय, त्याच्यावर लगेच कसं तुटून पडायचं? सोनुबाई शब्द शोधते आहे तोवर तिच्या नवऱ्याने, गजाने, मान हलवून टाकली. गजाची मान फार पटकन हलायची. साजगावच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत जन्म काढलेला माणूस. त्याला निम्मं ऐकू यायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याला तो हो म्हणायचा. दशरथ त्याचा धाकटा भाऊ, नदीकाठची नारळाची वाडी दोघांची सामाईक, आणि थोरल्याने मान हलवली म्हणजे शब्द गेला.

दशरथचंही अगदीच चुकत नव्हतं, हे सांगायला हवं. कर्जतच्या अंगाला नदी दिसेल तिथे तंबू उभे राहिले होते. शनिवारी मुंबईची माणसं यायची, पाण्यात पाय सोडून बसायची, शेकोटीभोवती गाणी म्हणायची आणि रविवारी दुपारी दमून परत जायची. दशरथच्या मुलाला, ऋषिकेशला, तसंच काही करायचं होतं. नारळाच्या खाली जागा होती, सावली होती, नदी होती. मध्ये फक्त सोनुबाईची कोकोची झाडं होती.

ही झाडं तिने पाच वर्षांपूर्वी लावली. नेरळच्या बाजारात नारळ विकायला बसायची तेव्हा लुबनाशी ओळख झाली. लुबना नेरळचीच, घरी चॉकलेटच्या वड्या करून माथेरानच्या दुकानांना पुरवायची. ती म्हणाली, "मावशी, कोको नारळाच्या सावलीत मस्त येतो. मला केरळातून मागवायला लागतो. तुम्ही लावा की!" सोनुबाईने लावला. गाव हसलं. पोरं तिला चॉकलेट-आजी म्हणायला लागली. तिने हसू दिलं, कारण तिच्या मनात एक गोष्ट होती ती तिने कोणाला सांगितली नव्हती. त्या वाडीतले नारळ सासऱ्याचे, फणस आजेसासऱ्याचा, अबोली सासूची, विहिरीवरचा पंप दशरथचा. लग्न होऊन आल्यापासून ती दुसऱ्यांनी लावलेल्याला पाणी घालत आली होती. हे एवढंच तिचं होतं. झाडं गेली तर त्या वाडीत तिचं असं काहीच उरणार नव्हतं, आणि या विचाराने तिला रात्री घास गोड लागेना.

झाडांनी तिला तसं निराश केलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी खोडालाच, फणसासारखी, हिरवीगार फळं लटकली. जो येईल तो थांबून बघायचा. "अगं बाई, खोडाला फळं! आणि केवढी!" सोनुबाई पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "कसलं केवढी, आपली हायत जेमतेम." पण बोलणारा बोलून चुकलेला असतो. आषाढ लागला की फळांवर डाग यायचे, डागाचं सगळं फळ व्हायचं, काळं कुळकुळीत, आणि बियांसकट कुजून जायचं.

तिच्या मते यात शंकेला जागाच नव्हती. दृष्ट लागली. आणि दृष्टीवर उपाय काय असतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नव्या घरावर काळी बाहुली टांगतात, टेंपोला लिंबू-मिरची बांधतात, बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावतात. मग झाडांनीच काय पाप केलं? तिने काय केलं, कुजून वाळलेल्या फळांपैकी सगळ्यात काळं, सगळ्यात बेढब फळ प्रत्येक झाडावर एक एक तसंच ठेवलं. ज्या झाडाला काळं फळ नव्हतं, त्याला शेजारच्या झाडाचं काळ्या दोऱ्याने बांधलं. तेही उंचावर, येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जावी म्हणून. पहिल्या वर्षी ठेवलं आणि दुसऱ्या वर्षी फळं जास्त कुजली. तेव्हा सोनुबाईने काय अर्थ काढला? दृष्ट जबर आहे, बांधलेली काळी फळं कमी पडली. म्हणून तिने आणखी मोठी, आणखी काळी बांधली.

मुदत मिळाली त्याच संध्याकाळी तिने अपेक्षाला फोन लावला. अपेक्षा दशरथचीच लेक, शेतीच्या कॉलेजात शिकत होती. बापाची लाडकी, पण लहानपणापासून जेवली काकीच्या ताटात. बापाने मुदत दिल्याचं ऐकून ती आधी बापावर चिडली आणि मग कामाला लागली.

"काकी, नीट ऐक. बोटाएवढं फळ पिवळं पडून सुकतं ना, तो रोग नाय. झाडाला झेपत नाय म्हणून ते झाडच टाकतं, आंब्याची कैरी गळते तसं. त्याला भिऊ नको. पण चॉकलेटी डाग आला, देठाकडून नायतर टोकाकडून, आणि रोज वाढत गेला, वर पांढरी बुरशी आली, तर तो रोग. फळाची साल ओली राहिली की धरतो. फळ कवळं असू दे नायतर पिकायला आलेलं, त्याला चालतं."

"मंग करू काय?"

"फांद्या विरळ कर, वारा खेळू दे. बुंध्याशी पाणी साचू देऊ नको. पावसाआधी मोरचूद-चुन्याचं पाणी मारून घे, मंग उघडीप मिळाली की परत. आणि काळी फळं एकूण एक काढून टाक. गेल्या वर्षीची वाळकीपण. एक ठेवू नको."

सोनुबाईने सगळं केलं. गजाला रजेच्या दिवशी हाताशी घेऊन फांद्या छाटल्या, चर खणले. फवारा मारून दोघं नवराबायको डोक्यापासून पायापर्यंत निळी झाली. भातशेतीत वाढलेल्या माणसाला पाणी कोंडायची सवय, काढून द्यायची नाही. गजा प्रत्येक चर खणून झाला की सवयीने त्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा आणि सोनुबाई शिव्या देत तो फोडायची. काळी फळंही तिने काढली. पाट्याच्या पाट्या भरून बाहेर नेऊन टाकली.

"सगळी काढलीस ना?" अपेक्षाने फोनवर विचारलं.

"काढली गं माझे बाय. एक फळ ठेवलं नाय."

हे ती खोटं बोलली नाही. झाडांवर टांगलेलं ते एकेक काळं, ते तिच्या लेखी फळ नव्हतंच. ती दृष्ट होती, लोकांची नजर अडवायला टांगलेली. दारावरची काळी बाहुली धरून कोणी आपल्या घरातली माणसं मोजतं का?

पाऊस लागला. ज्येष्ठ बरा गेला. फळं मुठीएवढी झाली, मग वीतभर. सोनुबाई रोज मनातल्या मनात दसरा जवळ ओढत होती. तिने अपेक्षाला फोटो पाठवले, एकेका गोजिऱ्या फळाचे, अगदी जवळून. आणि आषाढात एका सकाळी एका फळाच्या देठाशी चहाच्या थेंबाएवढा डाग दिसला. तिने बोटाने पुसून बघितला. गेला नाही. पुढच्या झाडावर दोन होते. त्याच्या पुढच्यावर चार.

ती तिथेच चिखलात बसली. एवढं सगळं करून? निळं होऊन, चर खणून, नवऱ्याचे बांध फोडून? तिला रडू आलं आणि रडण्याआधी राग आला, कारण तिच्याकडे राग नेहमीच आधी यायचा. पलीकडे ऋषिकेश हातात फीत घेऊन तंबूंची मापं घेत होता. त्याची आई, बेबी, सोनुबाईची धाकटी जाऊ, छत्री धरून उभी होती. कालच ही बेबी झाडांखालून जाताना म्हणाली होती, "ताई, यंदा काय फळं धरलीत गं!"

सोनुबाई उठली ती सरळ बेबीसमोर जाऊन उभी राहिली.

"बोललीस ना काल? मिळालं समाधान? बग जाऊन, डाग पडले!"

बेबीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने छत्री मिटली. एरवी बेबी गरीब गाय, पण नजरेवर आळ आला की गायसुद्धा शिंगं उगारते. "माझी नजर? माझी? ताई, मी तुमचं कवतिक केलं आणि तुमी माझ्या डोळ्यांवर येताय? चला, दाखवा कुठं लागली माझी नजर!"

दोघी भर पावसात वाडीत शिरल्या, सोनुबाई पुढे, बेबी मागे, ऋषिकेश फीत तशीच टाकून आणखी मागे. सोनुबाईने पहिलं डागाळलेलं फळ दाखवलं, दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. बेबी प्रत्येक फळाकडे आरोपीने साक्षीदाराकडे बघावं तशी बघत होती. चौथ्या झाडापाशी ती थांबली.

"थांबा, थांबा ताई. ही तुमची दृष्ट वर बांधलीय. तिच्या वर फळं हायत, त्यांना काय झालं नाय. तिच्या खालची तेवढी डागाळलीत. त्या झाडावर पण तसंच. त्याच्या पलीकडं पण." तिने मिटलेल्या छत्रीने एकेक दाखवलं. "माझी नजर लागायची तर सगळ्या झाडाला लागेल ना? नजर काय पन्हाळातून गळते, वरून खाली?"

सोनुबाई छत्रीच्या टोकामागोमाग पाहत गेली.

तिने वर पाहिलं. काळ्या दोऱ्याने बांधलेलं ते काळं फळ पावसात भिजून फुगलं होतं. अंगावर पांढरट लव आली होती. पाणी त्याच्यावर पडत होतं, त्याच्या अंगावरून ओघळत होतं, टोकाशी थेंब जमत होता आणि टपकन खालच्या फळाच्या देठावर पडत होता. तिथे, बरोबर तिथे, डाग होता. ती पुढच्या झाडाशी धावली. तसंच. त्याच्या पुढच्या झाडावरची दृष्ट माकडांनी कधीतरी ओढून नेली होती, नुसता दोरा उरला होता. त्या झाडावर एकही डाग नव्हता.

तिने कमरेचा फोन काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच अपेक्षाला व्हिडिओ कॉल लावला आणि तिला दिसेल असा वर धरला. आज पहिल्यांदाच तिने फोन फळाजवळ न नेता सगळ्या झाडावर रोखला.

"काकी! ते वर काय लटकलंय?"

"ती दृष्ट हाय."

"कसली दृष्ट! काकी, ते गेल्या वर्षीचं कुजकं फळ हाय! बुरशी त्याच्यात वर्षभर झोपून राहते आणि पाऊस पडला की जागी होते. मी सांगितलं होतं ना, एक ठेवू नको म्हणून?"

"फळ नव्हतं ठेवलं गं," सोनुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिचाच तिला ओळखू आला नाही, इतका बारीक झाला होता. "दृष्ट ठेवली होती."

तिकडून आधी नुसता कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग अपेक्षा हसायला लागली, आणि हसता हसता म्हणाली, "काकी, तू दोन वर्षं रोग दोऱ्यानं बांधून ठेवलास."

दुसरी कोणी असती तर खचली असती. सोनुबाईला मात्र, खरं सांगायचं तर, अंगात वारं भरल्यासारखं झालं. शत्रू कोण ते कळत नाही तोवर माणूस हवेत हात मारतो. आता शत्रू समोर टांगलेला होता, आणि तिनेच टांगलेला होता, म्हणजे काढणंही तिच्याच हातात होतं. तरीसुद्धा कोयता काठीला बांधून पहिल्या झाडाखाली गेली तेव्हा तिने आधी झाडाला हात जोडले. ऐन आषाढात, फळं भरत असताना, झाडाची दृष्ट उतरवायची? आईने ऐकलं असतं तर कानाखाली काढली असती.

"लोकं काय म्हणतील ठाऊक हाय?" बेबी म्हणाली. ती गेली नव्हती. "बेबीनं जावेची दृष्ट काढून टाकायला लावली. आता उरलेली फळं गेली तर गावात तोंड दाखवायला जागा नाय मला."

"मंग जा की घरी."

"नाय जात. माझ्यावरचा आळ आधी धुऊन निघू दे." आणि इकडे तिकडे बघून, ऋषिकेश ऐकत नाही याची खात्री करून, ती हळूच म्हणाली, "आणि तंबूतल्या पावण्यांना कांदाभजी कोण तळणार हाय ताई? मीच ना? तुमची झाडं राहू देत."

सोनुबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसू आलं. जावाजावांनी मिळून काम काढलं. सोनुबाई वरून कापायची, बेबी खाली पिशवी धरायची, एक थेंब खालच्या फळावर सांडू द्यायची नाही. काढलेली दृष्ट तिठ्यावर टाकायची रीत, म्हणून बेबी पिशवी घेऊन निघाली होती, पण फोनवरून अपेक्षा ओरडली, तिठ्यावर नको, बाहेरही नको, लांब खड्डा खणून चुना टाकून पुरा. खड्डा खणला. फळं टाकताना सोनुबाईच्या तोंडून सवयीने निघालंच, "आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यादारच्याची..." आणि "घरच्याची" म्हणताना ती अडखळली, कारण या खेपेला घरची म्हणजे ती स्वतःच होती. मग तिने तेही म्हणून टाकलं आणि वर माती लोटली.

रोग असा एका दिवसात जात नाही. जे डागाळलं होतं ते कुजणारच होतं, आणि ठेवलं तर शेजारचं कुजवणार होतं. रोज सकाळी उजाडलं की सोनुबाई झाडाझाडाखाली मान वर करून फिरायची आणि डाग दिसेल ते फळ कापायची. हिरवंगार, हाताला जड लागणारं, नुसता नखाएवढा डाग असलेलं फळ ती कापण्याआधी दोनदा फिरवून बघायची. एखादं राहू द्यावं, कदाचित सुधारेल, असं वाटायचं. राहू दिलं नाही. श्रावण लागेपर्यंत जवळजवळ निम्मी फळं खड्ड्यात गेली. दशरथ येऊन खड्ड्याच्या काठावर उभा राहिला.

"वैनी, माझं काम तुमीच करताय. एवढी कापलीत तर झाडं पण कापून टाका."

"भावजी," सोनुबाई खड्ड्यात चुना टाकत म्हणाली, "दसऱ्याला या."

एवढंच. जास्त बोलली नाही म्हणून दशरथच जरा घाबरला. सोनुबाई थोडक्यात बोलली म्हणजे काहीतरी नक्की आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

उघडीप मिळाली तशी तिने आणि गजाने आणखी एकदा फवारा मारला. मग नागपंचमीनंतर एक सकाळ अशी आली की ती सगळी वाडी फिरून परतली आणि पाटी रिकामी होती. तिने विश्वास ठेवला नाही. परत फिरली. दुसऱ्या दिवशी एक सापडलं, तेही कुंपणाकडच्या झाडावर. मग चार दिवस काही नाही. गजा कारखान्यातून आल्यावर आता आधी पाटीत डोकवायचा. पाटी रिकामी दिसली की चहाला जास्त साखर मागायचा, आणि एके दिवशी त्याने आपणहून, कोणी न विचारता, तोंड उघडलं. "झाडं चांगली लावलीस तू," तो म्हणाला. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. सोनुबाईने त्याला साखर घातलीच, वर एक लाडूही दिला.

गणपतीला अपेक्षा आली. पिशवी ओटीवर टाकून आधी वाडीत गेली. फळं आता नारळाएवढी, पण लांबोडकी झाली होती, सालीवर रेघा उठल्या होत्या. तिने एकेक देठ तपासला, एकेक टोक तपासलं आणि काकीच्या गळ्यात पडली. गणपतीला आलेले पाहुणे रांगेने झाडं बघायला आले. "केवढी फळं, केवढी फळं!" म्हणाले. सोनुबाईच्या हाताला काहीतरी काळं बांधायची भयंकर खाज सुटली. पण तिने हात पदराखाली दाबून धरले, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "हायतच मोठी. बगा नीट."

नवरात्रात परतीचा पाऊस झाला. त्या चार दिवसांत सोनुबाई धड जेवली नाही. फळं रंगावर आली होती, आणि रंगावर आलेल्या फळालाही तो रोग सोडत नाही हे तिला आता पाठ होतं. सकाळ-संध्याकाळ फेरी चालली. एक फळ गेलं. एकच. बाकीची माळेवर माळ चढत गेली तशी पिवळी होत गेली, आणि दसऱ्याच्या सकाळी ऊन पडलं तेव्हा वाडीच्या सावलीत जिकडे बघावं तिकडे पिवळं दिसत होतं.

दशरथ आला. शब्दाचा माणूस, आपट्याची पानं खिशात घालूनच आला. मागे ऋषिकेश, बेबी आणि सुट्टीला आलेली अपेक्षा होती, आणि नेरळहून टेंपो घेऊन लुबनाही आली होती. दशरथ पहिल्या झाडापाशी थांबला. मग दुसऱ्या. मग तो शेवटच्या झाडापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"वरून दिसतात चांगली," तो म्हणाला. "आत काय हाय कोणास ठाऊक. गेल्या साली वरून बरी दिसलेली पण आतून काळी निघाली होती."

हे मात्र खरं होतं. सोनुबाईने कोयता लुबनाच्या हातात दिला. लुबनाने स्वतः एक फळ निवडलं, देठ कापून काढलं आणि विहिरीच्या दगडी काठावर आपटलं. साल तडकली. तिने दोन्ही हातांनी पिळून फळ उघडलं. आत बियांचा घोस, पांढराशुभ्र, ओला, गच्च भरलेला. एकही बी काळी नव्हती. लुबनाने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तीही तशीच.

"मावशी," लुबना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते, "असा दाणा मला केरळातून पण नाही आला हो. सगळं द्या. यंदाच्या वड्यांवर मी तुमच्या गावाचं नाव छापणार."

दशरथने एक बी तोंडात टाकली. भोवतीचा पांढरा गर सीताफळासारखा गोड लागतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने दुसरी टाकली. बिया थुंकत, गर चोखत तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी पुटपुटला, "ठीक हाय."

"काय ठीक हाय?" सोनुबाईने विचारलं.

"झाडं राहू देत."

"मोठ्यानं बोला भावजी, पंप चालू हाय, ऐकायला नाय येत."

पंप बंद होता. दशरथलाही ते दिसत होतं. त्याने घसा खाकरला, लेकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, झाडं राहतील! तुमी जिंकलात! तंबू वरच्या माळावर टाकू आमी."

बेबीने पदरात तोंड लपवलं. माळ घरापासून लांब होता. तिथली भजी ऋषिकेशने स्वतः तळावीत, असं तिने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं.

मग काढणी सुरू झाली. सोनुबाईने पहिलं फळ स्वतः कापलं, ते हातात घेऊन उभी राहिली आणि रडली. या खेपेला राग आधी आला नाही. राग आलाच नाही. अपेक्षाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सोनुबाईने तिला तो ठेवू दिला.

टोपल्या भरल्या. टेंपो रस्त्यावर होता, कारण वाडीची वाट अरुंद. गजा दसऱ्यालाही पाळीवर, ऋषिकेश एक टोपली घेऊन कधीच पुढे गेला होता. सोनुबाई सगळ्यात मोठ्या टोपलीपाशी वाकली तेवढ्यात दशरथ मध्ये आला. दशरथ म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस, भांग कधी मोडू न दिलेला. उभ्या जन्मात त्याच्या डोक्यावर टोपीशिवाय दुसरं काही चढलं नव्हतं.

"सोडा वैनी. मी घेतो."

सोनुबाईने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतोय का, हे नीट बघितलं. मग तिने पंचा गोल गुंडाळला, त्याची चुंबळ केली आणि दशरथच्या भांगावर ठेवली. तिने आणि बेबीने टोपली उचलून वर चढवली. दशरथची मान एकदा डगमगली आणि ताठ झाली.

गावातून जायचं होतं. दसऱ्याचा दिवस, सगळे ओटीवर बसलेले. सोनुबाई मोकळ्या हातांनी पुढे चालली होती आणि मागे डोक्यावर टोपली घेतलेला दशरथ. कोणाच्या तरी हातातली आपट्याची पानं तशीच राहिली. देवळापाशी म्हातारे बसले होते, त्यातल्या एकाने हाक मारलीच, "काय रं दशरथ, कोणाचा माल वाहतोस?"

दशरथला मान वळवता येत नव्हती. तो समोर बघूनच ओरडला, "आमच्या वैनीचा कोको हाय! वाट द्या!"

आणि गावाने वाट दिली.